रुतलेले मळसूत्र : चांदीच्या तोड्यापासून घड्याळाच्या पट्ट्यापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासासंबंधी काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा संत नरहरी महाराजांच्या चरित्रावर किंवा येथील सराफ बाजाराच्या जुन्या पेढ्यांवर लिहावे असा प्रथम विचार होता. परंतु या दोन्ही विषयांवर मजपेक्षा अधिकारी व्यक्तींनी वेळोवेळी लिहिलेले आहे. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. ऐरणीवर बसून पोट भरलेले नाही. तेव्हा ज्ञातीच्या धंद्याविषयी मी काय लिहावे, या विवंचनेत असताना गेल्या चैत्रात घरात एक अगदी क्षुल्लक प्रसंग घडला, आणि विषय आपण होऊन समोर आला.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. विवाहात त्यास सासऱ्यांकडून एक उंची घड्याळ मिळाले. पट्टा पोलादाच्या कड्यांचा, आणि मनगटास सैल. दोन कड्या कमी करावयाच्या, एवढेच काम. तो ते एका दुकानात घेऊन गेला. तेथील मुलाने पहिला स्क्रू काढला, दुसऱ्याशी झटापट करून त्याच्या माथ्यावरची फट चेंदून टाकली, आणि शेवटी "हा निघावयाचा नाही, पट्टा कापून नवा बसवा" असे सांगून घड्याळ परत केले. पुतण्या हिरमुसला होऊन मजकडे आला आणि म्हणाला, "काका, आजोबांची हत्यारे अजून आहेत ना?"

हत्यारे होती. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आमचे तीर्थरूप अण्णा यांचे भिंग, चिमटे, कानशी, फुंकणी, आणि लाकडी मुठींच्या बारीक पेचकसांचा संच होता. पेटीच्या तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेला चांदीचा एक लहानसा खिळा सापडला. त्या खिळ्याची हकीकत हाच या लेखाचा खरा विषय होय. घड्याळाचा पट्टा हे केवळ निमित्त.

आज आपण ज्यास स्क्रू म्हणतो त्यास आपल्या वाडवडिलांच्या बोलीत मळसूत्र किंवा पेच म्हणत. त्यावरील चक्राकार रेघांना आटे म्हणतात. कुडी आणि बुगडी यांच्या मागे जी फिरकी असते, ती म्हणजे मळसूत्राचेच लहान रूप. तोड्यांच्या जोडाला मळसूत्री खिळा असे. तो फिरवून काढला म्हणजे तोडा उघडे आणि हातात घालता येई. प्रवासाला न्यावयाचा फिरकीचा तांब्या तर घरोघर होता. त्याचे झाकण आवळून बसले म्हणजे घरातील सर्व पुरुषांच्या मनगटांची परीक्षा होई, आणि अखेर आजीने झाकणाभोवती गरम पाण्यात भिजविलेले फडके गुंडाळले की ते सुटे. तात्पर्य, रुतलेले मळसूत्र ही घड्याळाबरोबर आलेली नवी आपत्ती नव्हे. मापाप्रमाणे कडी कमी-अधिक करणे हेही सोनाराचे जुनेच काम. पंढरीच्या श्रीविठ्ठलासाठी नरहरी महाराजांनी घडविलेला करगोटा एकदा लांब व एकदा आखूड झाला, ही कथा आपल्या घरांतील मुलांना पाठ असते.

मळसूत्राचा जगाच्या इतिहासातील प्रवास पाहू गेल्यास, पाणी उपसण्याच्या मळसूत्राशी ग्रीक विद्वान आर्किमिडीज याचे नाव जोडले जाते. रोमन लोक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी द्राक्षे व ऑलिव्ह दाबण्यासाठी लाकडी मळसूत्राचे दाबयंत्र वापरीत. धातूचे जोड आवळण्यासाठी लहान स्क्रू वापरण्याची चाल मात्र युरोपात पुष्कळ उशिरा, पंधराव्या शतकाच्या सुमारास, बंदुका व चिलखते यांच्या निमित्ताने पसरली. आपल्या देशातही मळसूत्राचे तत्त्व अज्ञात नव्हते. कापसातील सरकी काढण्याच्या जुन्या चरकीत दोन लाटा एकमेकींच्या उलट फिरतात, आणि त्यांच्या टोकांस लाकडात कोरलेले मळसूत्री दाते एकमेकांत गुंतलेले असतात. ज्यांनी लाकडात इतके नाजूक आटे कोरले, त्यांस मळसूत्र ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु धातूवर आटे कापण्याची रीत आपल्याकडे रुळलेली नव्हती. मग तोड्याचा खिळा आपले सोनार कसा करीत असत?

याचे उत्तर मला एका फ्रेंच प्रवाशाच्या वृत्तांतात सापडले. झां द तेव्हनो हा प्रवासी १६६६ मध्ये सुरतेस उतरला. श्रीशिवछत्रपतींनी सुरत लुटली त्यास तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि त्या प्रसंगाविषयीही त्याने लिहिले आहे. पुढे तो औरंगाबादेवरून गोवळकोंड्यास गेला. वाटेत त्याने वेरुळची लेणी पाहून त्यांचे वर्णन केले. १६६७ मध्ये परतीच्या वाटेवर इराणात त्याचा अंत झाला. त्याच्या प्रवासाचा इंग्रजी अनुवाद १६८७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, आणि १९४९ मध्ये डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी त्यातील हिंदुस्थानविषयक भाग संपादून प्रसिद्ध केला. तो ग्रंथ एका इतिहासप्रेमी स्नेह्यांनी मला वाचावयास दिला. माझे इंग्रजी बेताचेच. शब्दकोश जवळ घेऊन वाचावे लागले.

तेव्हनो म्हणतो की, हिंदुस्थानातील कारागीर मळसूत्र आमच्यासारखे कापून करीत नाहीत. जो तुकडा दुसऱ्यात बसवावयाचा, त्याच्याभोवती लोखंडाची, तांब्याची किंवा चांदीची तार मळसूत्राप्रमाणे गुंडाळून ती ते डाख देऊन जोडतात. आणि असे मळसूत्र उघडताना ते डावीकडून उजवीकडे फिरवितात, म्हणजे युरोपातील रीतीच्या नेमके उलट.

हा मजकूर मी चार वेळा वाचला. कारण पेटीतील चांदीचा खिळा मी तोवर भिंगाखाली पाहिलेला होता. त्यावरील आटे कापलेले नाहीत. गुळगुळीत खिळ्याभोवती बारीक तार गुंडाळून डाखलेली आहे. एका बाजूस तिचे दोन वेढे सुटून निघालेले आहेत. खिळा उभा धरला असता हे वेढे डावीकडे चढत जातात. नेहमीच्या स्क्रूचे आटे उजवीकडे चढतात. बाजारातील कोणताही स्क्रू उभा धरून वाचकांनी खात्री करून घ्यावी. म्हणजे हा खिळा उलट्या आट्यांचा आहे. तीनशे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परक्या मनुष्याने जे पाहून नोंदविले, त्याच रीतीचा नमुना आमच्या माळ्यावर तेलकट कागदात पडून होता!

असा खिळा करण्याची पद्धत अण्णा सांगत असत. जंत्रीतून ओढलेल्या दोन सारख्या तारा खिळ्याभोवती शेजारी शेजारी गुंडाळावयाच्या आणि मग त्यांतील एक उलगडून काढून टाकावयाची, म्हणजे राहिलेल्या तारेच्या वेढ्यांत सर्वत्र सारखे अंतर पडते. सवागी व डाख लावून ती तार पक्की करावयाची. आतील आट्यांसाठी तशीच तारेची गुंडाळी नळीत बसवून डाखावयाची. या कृतीत वेढा उजवा पडावा की डावा, हे यंत्र ठरवीत नाही, तार धरणारा हात ठरवितो. ज्या घराण्यात जशी सवय, तसे त्याचे मळसूत्र. सारेच जुने पेच उलटे होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण उलटे असत, एवढे तेव्हनो सांगतो आणि आमचा खिळाही सांगतो.

हा खिळा आमच्याकडे कसा आला तेही सांगतो. स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. अण्णा त्या वेळी आजोबांच्या हाताखाली शिकत होते. सिन्नरकडील एका शेतकरी कुटुंबातील सासूबाईंचे चांदीचे तोडे सुनेच्या हाती घालावयाचे होते, आणि एका तोड्याचा खिळा काही केल्या उघडेना. दुसऱ्या एका कारागिराने सांडशीत धरून तो पिळला होता. चांदीवर दातांचे व्रण उमटले होते. आजोबांनी तोडा रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा दिवस ठेवला. वर्षानुवर्षांची हळद, साबण आणि धूळ यांचा लगदा आट्यांतून निघाला. मग गोडे तेल सोडून त्यांनी खिळा दोन बोटांत धरला आणि आवळण्याच्या दिशेने फिरविला. तो उघडला. इतके दिवस सर्वजण त्यास उघडण्याऐवजी आवळीत होते! पिळण्यामुळे तार सुटली होती, म्हणून आजोबांनी दोन्ही बाजूंचा जोड नवा करून दिला, आणि जुना चांदीचा खिळा यजमानांनी परत मागितला नाही. "रुतलेल्या पेचाला आधी विचारावे, बाबा, तू कोणीकडचा," असे अण्णा म्हणत, ते त्या दिवसापासून.

युरोपातही बराच काळ प्रत्येक कारागिराचे आटे निराळे असत. एका घड्याळातील स्क्रू दुसऱ्यात जात नसे, इतकेच नव्हे तर त्याच घड्याळातील एका भोकाचा स्क्रू शेजारच्या भोकात बसत नसे. लंडनच्या हेन्री मॉड्स्ले याने १८००च्या सुमारास आटे कापण्याचे अचूक यंत्र सिद्ध केले. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे एक सर्वसाधारण प्रमाण सुचविले. घड्याळासारख्या सूक्ष्म कामासाठी जिनिव्हाच्या मार्क थ्युरी या अध्यापकाने १८७८ मध्ये मापांची निराळी श्रेणी बसविली. तीत प्रत्येक आट्याचे अंतर आधीच्या नऊ दशांश असते. इंग्रजांनी १८८४ मध्ये जवळजवळ तीच आपलीशी केली. गणित शिकविणाऱ्या मनुष्यास ही भूमिती श्रेणी पाहून आनंद वाटल्यावाचून राहत नाही. असो.

आता सोनाराच्या हातात घड्याळ कसे आले, तिकडे वळतो. ज्ञातीतील साठीच्या पुढच्या वाचकांस ते वर्ष सांगावयास नको. १९६२च्या शरदात चीनने आक्रमण केले. परकीय चलनाची ओढ लागली. आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री श्री. मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम जारी केले. चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोने. बावीस कॅरटवर वाढलेला सोनाराचा हात या कडक मिश्रणावर चालेना, आणि गिऱ्हाइकालाही असले सोने मंगळसूत्रासाठी नको होते. देशभरातील लक्षावधी कारागीर बेकार झाले. कित्येकांनी आत्महत्या केल्याच्या वार्ता त्या काळी वृत्तपत्रांतून येत होत्या. पुढे काही अटी सैल झाल्या, १९६८ मध्ये रीतसर कायदा झाला, आणि तो अखेर १९९० मध्ये रद्द झाला. परंतु पहिल्या एकदोन वर्षांत ज्याने ऐरण उचलून ठेवली, त्याची ऐरण बहुधा पुन्हा मांडली गेली नाही.

अण्णांची मांडली गेली नाही. मी तेव्हा फार लहान होतो. बागेसरी विझलेली आहे आणि अण्णा भिंतीला टेकून दिवसभर बसलेले आहेत, एवढेच एक चित्र मला आठवते. आईने पुढे सांगितले की, त्या उन्हाळ्यात घरातील भांडी एकेक करून भांडी बाजारात गेली. राष्ट्राच्या संकटात त्याग कोणीतरी करावयास हवा होता, हे मी मान्य करतो. तो त्याग कोणाच्या पानातून काढून घेतला गेला, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीपेक्षा अधिक येत नाही, म्हणून येथे लिहून ठेवीत आहे.

वर्षभराने एका घड्याळजींनी अण्णांस दुकानात बसविले. घड्याळांचा तो उमेदीचा काळ होता. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे एच. एम. टी.ची घड्याळे १९६१ पासून निघू लागली होती, आणि पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांचा आरंभ झाला होता. (ते कारखाने २०१६ मध्ये कायमचे बंद झाले.) चिमटा, भिंग आणि स्थिर हात हे सोनाराचे भांडवल घड्याळातही उपयोगी पडले. तथापि पहिल्याच महिन्यात अण्णांनी एक स्क्रू मोडला. चावी देण्याच्या चाकावरील स्क्रू पुष्कळ घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो, आणि ओळखीसाठी त्याच्या माथ्यावर एका फटीऐवजी तीन रेघा पाडलेल्या असतात. अण्णांस त्या रेघांचा अर्थ ठाऊक नव्हता. माथा तुटून हाती आला. त्या रात्री ते जेवले नाहीत. नुकसान पगारातून कापले गेले याचे त्यांस दुःख नव्हते. सिन्नरचा तोडा ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याने हा प्रश्न विचारावयास विसरावे, हे त्यांस लागले.

तुटलेला तो स्क्रू काढताना सोनारकीतली तुरटी कामास आली. तुरटीचे गरम, दाट पाणी सौम्य आम्ल असते. ते साध्या पोलादास हळूहळू खाते, पण पितळ, तांबे, चांदी व सोने यांस जवळजवळ बाधत नाही. म्हणून पितळेच्या पट्टीत मोडलेला पोलादी स्क्रू असला, तर पट्टीवरील पोलादाचे इतर सर्व भाग आधी काढून घेऊन ती काचेच्या भांड्यात तुरटीच्या पाण्यात ठेवावी आणि पाणी गरम राखावे. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत स्क्रूचा काळा चुरा होऊन भोक मोकळे होते. जगभरचे घड्याळजी ही युक्ती वापरतात. नाशिकच्या एका सोनाराने ती त्यांच्या आधी शोधली असा माझा दावा नाही; पण अण्णांस ती कोणी शिकवावी लागली नाही.

१९६९च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला. नाशिककर पुराचे माप दुतोंड्या मारुतीवरून घेतात. त्या वर्षी मारुती दिसेनासा झाला आणि पाणी बाजारपेठेत शिरले. पूर ओसरल्यावर आठवडाभर दुकानापुढे घड्याळे घेऊन माणसे उभी होती. बहुतेकांनी ती उन्हात वाळवून आणली होती, आणि तीच सर्वांत वाईट स्थितीत होती, कारण ओल्या पोलादाला वारा लागला की गंज झपाट्याने चढतो. अण्णा गिऱ्हाइकांस सांगत की घड्याळ घरीच रॉकेलच्या वाटीत बुडवा आणि वाटीसकट घेऊन या. मी शाळकरी मुलगा होतो. वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम मजकडे होते. गंजलेला स्क्रू काढताना अण्णा रात्री तेल सोडीत, सकाळी दिव्यावर भाग किंचित तापवीत, निवू देत, पुन्हा तेल सोडीत. तापविण्याचे कारण असे की, पितळ हे उष्णतेने पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. भोक स्क्रूपेक्षा अधिक मोठे होते आणि पकड ढिली पडते. आजीचे गरम फडके हेच करीत होते. २००८च्या सप्टेंबरात पुन्हा तसाच पूर आला, सराफ बाजार व भांडी बाजार पाण्याखाली गेले, तेव्हा अण्णा हयात नव्हते, आणि रॉकेलची वाटी कोणी मागितली नाही. बॅटरीवरची घड्याळे लोकांनी फेकून दिली.

आता पुतण्याच्या पट्ट्याकडे येतो. तो पट्टा डाग न पडणाऱ्या पोलादाचा, ज्यास आपण स्टेनलेस स्टील म्हणतो. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये ते प्रथम गाळले असे मानतात. त्यात क्रोमियम असते, आणि त्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा धातूचे रक्षण करतो. परंतु स्क्रू आणि कडी दोन्ही याच पोलादाची असली, आणि फिरविताना तो पापुद्रा खरवडला गेला, तर उघडी पडलेली दोन्ही अंगे एकमेकांस चिकटून बसतात. सजातीयांचे हे असे घट्ट चिकटणे आपल्या स्मरणिकेच्या वाचकांस नवीन वाटू नये! त्यात घामाचे मीठ, साबण आणि मळ यांची भर पडते. तुरटीचा येथे उपयोग नाही. ती साध्या पोलादाच्या स्क्रूसाठी, आणि तोही पितळेत किंवा सोन्यात असेल तर. दिव्याचे तंत्रही पुरते लागू पडत नाही, कारण दोन्ही भाग सारखेच प्रसरण पावतात.

तरीही उष्णता लागते, ती निराळ्या कारणासाठी. कारखान्यात हे स्क्रू बसविताना पुष्कळदा आट्यांत एक चिकट द्रव सोडतात, जेणेकरून हाताच्या हालचालीने ते आपोआप सैल होऊ नयेत. हा द्रव अमेरिकेतील रसायनाचे अध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये सिद्ध केला. लॉकटाइट या नावाने तो जगभर गेला. हवेत तो पातळ राहतो, आणि धातूच्या फटीत हवा तुटली की दगडासारखा होतो. आपल्या धंद्यात हेच काम लाख करीत आली आहे. लाखेप्रमाणेच हा द्रवही तापविल्याने मऊ पडतो, मात्र त्यास लाखेहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. पक्क्या जातीच्या द्रवासाठी करणारेच सुमारे २५० अंश सेल्सिअस सांगतात. दुकानातील मुलाला हे कोणी सांगितलेले नव्हते. त्याने थंड स्क्रूवर बळ लावले, तेही फटीपेक्षा अरुंद आणि पातळ पात्याच्या पेचकसाने. पाते फटीतून निसटले आणि कडा चेंदल्या. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. कोणाच्या हाताखाली तो शिकला असता?

आम्ही प्रथम पट्टा घड्याळापासून वेगळा केला. हे कधीही विसरू नये. उष्णतेने आतील रबराचे कडे आणि बॅटरी बिघडतात. मग पट्टा साबणाच्या कोमट पाण्यात मऊ कुंचल्याने धुतला. त्यानंतर भिंगातून पाहिले की हा खरोखर स्क्रू आहे की नुसती पिन. कडीच्या आतील अंगावर बाण कोरलेला असला, तर बहुधा ती ठोकून काढावयाची पिन असते, आणि तीस पिळणाऱ्याचे श्रम फुकट जातात. फट असली तर स्क्रू. काही पट्ट्यांत दोन्ही टोकांस फट असते, तेव्हा एक टोक धरून ठेवून दुसरे फिरवावे लागते. आमचा एका टोकाचा होता. दिशा नेहमीचीच, म्हणजे डावीकडे सुटणारी. त्याच पट्ट्यातील आधी निघालेल्या स्क्रूचे आटे पाहून ती खात्री केली.

चेंदलेली फट अण्णांच्या सर्वांत बारीक कानशीने सरळ केली. याला पाऊण तास लागला, आणि पुतण्या दोनदा म्हणाला, "काका, राहू द्या." मग पेचकसाचे पाते सहाणेवर घासून त्या फटीच्या रुंदीचे आणि जाडीचे केले, इतके की ते हलता कामा नये. कडी लाकडी ठोकळ्याच्या खाचेत दाबून बसविली. डाख देण्याच्या विजेच्या कांडीचे तापलेले टोक स्क्रूच्या माथ्यावर मिनिटभर टेकविले आणि गरम असतानाच फिरवून पाहिले. हलला नाही. दुसऱ्यांदा तापवून पाहिले. हलला नाही. तेव्हा आजोबांचा तोडा आठवून मी पुतण्यास सांगितले, "आता आवळ." तो माझ्याकडे पाहू लागला. "आवळ, अगदी केसभर." आवळण्याच्या दिशेने केसभर फिरताच आत कट् असा सूक्ष्म आवाज झाला, कारण जुनी पकड कोणत्याही एका दिशेने तुटली म्हणजे पुरे असते. त्यानंतर तो डावीकडे फिरला आणि बाहेर आला. आट्यांवर त्या द्रवाचा पांढरट चुरा होता. दोन कड्या काढल्या, जोड पुन्हा बसविला, आणि स्क्रूवर नवा द्रव सौम्य जातीचा, टाचणीच्या टोकाएवढाच सोडला.

हे साधले नसते तर पुढचा उपाय शिल्लक होता: दोन्ही बाजूंनी टोकदार खिळ्यांत तुटका स्क्रू पकडून फिरविणारे घड्याळजींचे हत्यार, आणि तेही न चालल्यास बारीक गिरमिटाने स्क्रू कोरून काढणे. ते घरी करू नये.

काढलेल्या दोन कड्या पुतण्याने मजजवळच ठेवावयास दिल्या. त्या मी पेटीत चांदीच्या खिळ्याशेजारी ठेवल्या आहेत, चिठ्ठी लावून.

ज्ञातिबांधवांस एक विनंती करून थांबतो. आपल्या घरी आजी-पणजीच्या वेळचे तोडे, वाक्या, बुगड्या किंवा मळसूत्री झाकणाच्या डब्या असतील. मोडीत देण्यापूर्वी त्यांचा खिळा एकवार उभा धरून पाहावा. आटे कापलेले आहेत की तार डाखलेली आहे, आणि वेढे कोणीकडे चढतात, एवढे कागदावर लिहून, शक्य तर छायाचित्रासह, मंडळाच्या कार्यालयात द्यावे. दागिना कोणत्या गावचा व कोणाकडून आला, तेही लिहावे. दागिना आपलाच राहील. मुशीत गेलेल्या सोन्याचे वजन परत मिळते, पण खिळ्यावरची तार परत मिळत नाही. माझ्याजवळ आजपर्यंत असा एकच खिळा आहे.